पिचर राइट फिल्डला

मला बेसबॉलची ओढ लागली ती खेळामुळं नाही, त्यातल्या म्हाताऱ्यांमुळं. बाकीच्या खेळांत कोच सूट नाहीतर ट्रॅकसूट घालून कडेला बसतो. बेसबॉलमधे साठी ओलांडलेला, पोट सुटलेला मॅनेजर पोरांसारखीच जर्सी चढवतो, पाठीवर नंबर, डोक्यावर टोपी, आणि पंचाशी भांडायला तुरुतुरु मैदानात येतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं होतं, कुणाचे तरी आजोबा हौसेनं शिरलेत.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी क्रीडाशिक्षक आहे. शाळेत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही घेतो. लोकांना अजून हसू येतं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या आमच्या लोकांनासुद्धा परभणीत बेसबॉल म्हटलं की चेष्टा वाटते. पण शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत हे दोन्ही खेळ कधीचे आहेत, आणि काळ्या रानातली पोरं क्रिकेटच्या बॅटइतक्याच सहजपणे ती गोल बॅट फिरवतात. न्यूयॉर्कला संध्याकाळी सातला मॅच सुरू होते तेव्हा आपल्याकडं पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. ज्या दिवशी नळाला पाणी यायचं असतं त्या दिवशी उठावं लागतंच. हंडे भरता भरता मोबाइलवर दोन इनिंग होतात.

तर हे मॅनेजर. त्यांच्याकडं कामं किती आणि अधिकार किती, याचा हिशेब बसत नाही. क्रिकेटमधे कर्णधार आणि कोच मिळून जे करतात ते सगळं तिथं हा एकटा करतो. कोण खेळणार, कितव्या नंबरला बॅटिंग करणार, पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, कधी बदलायचा, सगळं. पण खेळाडूचा पगार त्याच्या हातात नाही, करार त्याच्या हातात नाही. कुणाला ठेवायचं नि कुणाला दुसऱ्या संघाकडं धाडायचं हे जनरल मॅनेजर आणि मालक ठरवतात. मॅचच्या आधी पंचाला द्यायचा तो लाइनअपचा कागद, एवढंच त्याचं हत्यार. नाव लिहायचं, नाहीतर नाही लिहायचं. त्यात सीझनला १६२ मॅच. वसंतापासून पानगळीपर्यंत जवळपास रोज तीच तोंडं, तोच डबा, तेच विमान. एकदा भांडून महिनाभर टाळायची सोय नाही.

आणि त्या तोंडांमधे एक तरी असा असतोच, जो मॅच जिंकून देतो आणि बाकी सगळ्यांचं डोकं फिरवतो.

माझ्याकडंही होता. आमचा सॉफ्टबॉलचा पिचर. नाव कशाला सांगू, पोरगं अजून शिकतंय. हात पूर्ण गोल फिरवून तो खालून असा बॉल सोडायचा की समोरचा बॅट्समन बॅट फिरवून झाल्यावर मागं वळून बघायचा, गेला कुठं म्हणून. पण सरावाला यायचा तेव्हा बाकीच्यांची फक्की मारून झालेली असायची, बेस ठोकून झालेले असायचे. शॉर्टस्टॉपकडून, म्हणजे दुसऱ्या नि तिसऱ्या बेसच्या मधल्या फिल्डरकडून, बॉल निसटला की हा कमरेवर हात ठेवून सगळ्या मैदानाला दिसेल असा उभा राहायचा. आणि त्याच्या पुढची पायरी म्हणजे, रागावला की मुद्दाम सोपा बॉल टाकायचा. "सर, हे असे दगडं घेऊन कसं खेळायचं ओ?" हे मला त्या दगडांच्या समोर विचारलेलं आहे.

सॉफ्टबॉलमधला पिचर बेसबॉलच्या पिचरपेक्षा जास्त डोक्यावर बसतो, त्याला कारण आहे. बेसबॉलमधे खांद्यावरून फेकायचं असतं, हाताची पार वाट लागते, म्हणून मोठ्या संघांत साधारण पाच पिचर पाळीपाळीनं मॅच सुरू करतात. आज टाकलं की पुढचे चार दिवस विश्रांती. सॉफ्टबॉलमधे खालून टाकायचं, मॅच सात इनिंगची. एकच पोरगं सकाळची मॅच टाकतं, दुपारची टाकतं, दुसऱ्या दिवशी फायनलही टाकतं. टाकू नये, पण टाकतं. म्हणजे संघाचं निम्मं नशीब एकाच हातात. एकच बैल असलेल्या शेतकऱ्याला बैलाचा रुसवा काढावाच लागतो.

त्या काळात मी या अमेरिकन मॅनेजरांच्या गोष्टी शोधून शोधून वाचायला लागलो. कुणीतरी यावर उपाय काढला असेल, असं वाटायचं.

सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत मोठा माणूस म्हणजे बेब रुथ. बेसबॉल न बघणाऱ्यांनीही हे नाव ऐकलेलं असतं. सहा फूट दोन इंच, अंगानं आडदांड, खाण्यापिण्याला आणि रात्रींना मोजदाद नाही. त्याचा न्यूयॉर्क यँकीजचा मॅनेजर होता मिलर हगिन्स. साडेपाच फुटांच्या आसपास उंची, वजन पासष्ट किलोच्या आत, प्रकृती तोळामासा, आणि शिक्षणानं वकील. रुथ त्याला जुमानायचा नाही. रुथनं त्याला एकदा चालत्या रेल्वेतून बाहेर लोंबकळत धरलं होतं, असा किस्सा सांगतात. खरा असो नसो, लोकांना तो खरा वाटायचा, यातच सगळं आलं.

१९२५ चा सीझन रुथचा वाईट चाललेला. आधी आजारपण, मग ऑपरेशन, आणि बरा झाल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ऑगस्टच्या शेवटी सेंट लुईसला तो सरावाला उशिरा आला. हगिन्सनं त्याला सांगितलं, कपडे बदलायची तसदी घेऊ नकोस. ५,००० डॉलर दंड आणि बेमुदत निलंबन. रुथचा वर्षाचा पगार ५२,००० डॉलर होता. म्हणजे जवळपास दहावा हिस्सा एका फटक्यात. रुथ खवळला. हा मॅनेजर राहणार असेल तर मी यँकीजकडून खेळणार नाही, असं पेपरवाल्यांना सांगत तो न्यूयॉर्कला गेला, थेट मालकाकडं.

इथं गोष्ट वळते. मालक जेकब रुपर्ट बियरचा कारखानदार होता. रुथच्या नावावर त्याचं स्टेडियम भरायचं. त्यानं रुथला सांगितलं, हगिन्स राहील आणि दंडही राहील. कारण हगिन्सनं रुथला हात घालायच्या आधीच वरच्यांशी बोलून ठेवलेलं होतं. त्याला माहीत होतं की रुथ दार ठोठावणार, म्हणून त्या दाराच्या आतला माणूस त्यानं अगोदर आपलासा केला. रुथनं माफी मागितली. हगिन्सनं तरी लगेच खेळवलं नाही, काही दिवस ताटकळत ठेवलं.

त्या वर्षी यँकीज आठ संघांत सातवे आले. १९२७ ला त्याच रुथनं ६० होमरन, म्हणजे आपल्या सिक्सरसारखे फटके, मारले, मॅनेजर तोच. आता यावर कुणी म्हणेल, बघा शिस्त लावली म्हणून सुधारला. मला तसं वाटत नाही. रुथ रात्री जागायचा तो पुढंही जागलाच. बदललं ते एवढंच की भांडण झालं तर कुठपर्यंत जाऊन थांबायचं, हे दोघांनाही कळलं.

याच यँकीजमधे पन्नास वर्षांनी उलटा खेळ झाला. मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर, मॅनेजर बिली मार्टिन, आणि स्टार रेजी जॅक्सन. रेजीला पाच वर्षांसाठी सुमारे ३० लाख डॉलर देऊन आणला तो मालकानं. मार्टिनला तो नकोच होता. म्हणजे लग्न ठरवणारा वेगळा आणि संसार करणारा वेगळा. १८ जून १९७७, बॉस्टनला मॅच, देशभर टीव्हीवर चालू. जिम राइसचा एक फुसका फटका उजव्या बाजूला पडला, रेजी त्याच्याकडं जरा रमतगमत गेला. मार्टिननं इनिंग संपायचीही वाट बघितली नाही. मधेच दुसऱ्या खेळाडूला पाठवलं आणि रेजीला बाहेर बोलावलं. डगआउटमधे, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेत, दोघं एकमेकांच्या अंगावर गेले. मार्टिनला आवरायला योगी बेरा आणि एल्स्टन हॉवर्ड हे दोन कोच. कॅमेरा बंद करायचं कुणाला सुचलं नाही, सुचलं असतं तरी केला नसता.

मला यात मार्टिनची चूक रेजीला काढण्यात वाटत नाही. जो बॉलमागं पळत नाही त्याला काढावंच. पण आधी मालक हाताशी नाही, त्यात सगळ्या देशासमोर, आणि वर स्वतःचाच तोल गेलेला. त्याच वर्षी सेमीफायनलची निर्णायक पाचवी मॅच होती कॅन्सस सिटीशी. मार्टिननं रेजीला बसवलं. आणि हे त्याला सांगायला स्वतः गेला नाही, राखीव कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) फ्रॅन हीलीला पाठवलं. हे वाचलं तेव्हा मला मार्टिनबद्दल जे काही वाटत होतं ते संपलं. कागदावर नाव लिहायचं नसेल तर ते तोंडावर सांगायचं धाडस पाहिजे. रेजी आठव्या इनिंगला बदली बॅट्समन म्हणून आला आणि एक रन आणून दिली. पुढं वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे फायनलच्या, सहाव्या मॅचमधे तीन वेगवेगळ्या पिचरांच्या तीन लागोपाठच्या बॉलवर त्यानं तीन होमरन मारले. यँकीज जिंकले. म्हणजे भांडणानं संघ हरतोच असंही नाही, हे सांगायला पाहिजे, नाहीतर मी माझ्या सोयीचं तेवढंच सांगितलं असं होईल.

पुढच्या जुलैत मार्टिननं इशारा बदललेला असताना रेजीनं हट्टानं बंट मारायचा, म्हणजे बॅट न फिरवता बॉल नुसता अडवून टाकायचा, प्रयत्न केला, पाच मॅचचं निलंबन भोगलं, आणि तो परत आल्यावर मार्टिन पत्रकारांसमोर मालक आणि रेजी दोघांबद्दलही नको ते बोलून बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं रडत रडत राजीनामा दिला. त्याच्या जागी आला बॉब लेमन. स्वतः मोठा पिचर होऊन गेलेला, शांत, आणि महिन्याभरापूर्वीच शिकागोच्या संघानं हाकललेला. त्यानं विशेष काही केलं नाही. रोज तोच कागद लिहिला, आणि पोरांना खेळू दिलं. त्याच्या हाताखाली संघ ४८ जिंकला, २० हरला, आणि पुन्हा वर्ल्ड सिरीज घेऊन गेला. कधीकधी मॅनेजरचं काम म्हणजे खोलीतला आवाज कमी करणं असतं.

आता आमची जिल्ह्याची फायनल. तिसरी इनिंग, शॉर्टस्टॉपनं एक सरपटी बॉल सोडला, आणि आमच्या पिचरनं पुढच्या बॅट्समनला दोन असे बॉल टाकले की नववीतल्या पोरीनंही ते झाडावर मारले असते. शॉर्टस्टॉपच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यालाही कळलंय. मी टाइम घेतला. मधे गेलो. राइट फिल्डला, म्हणजे लांब उजव्या बाजूला, एक पोरगं उभं होतं, नववीतलं, सरावाला बॉल टाकायचं. त्याला पिचिंगला आणलं, पिचरला बाकावर बसवलं, आणि बाकावरच्या एकाला राइट फिल्डला पाठवलं.

"सर, मी कामून बाहेर?"

"बस थोडा वेळ. बोलू."

मंडपात आमच्या संस्थेचे सचिव बसले होते. दोन मिनिटांत तिथून शिपाई आला. "सर, सचिव साहेब म्हणायलेत, पिचरला परत घ्या म्हणून."

इथं सॉफ्टबॉलचा एक नियम माझ्या कामी आला. बेसबॉलमधे बाहेर काढलेला खेळाडू त्या मॅचला पुन्हा येऊ शकत नाही. मार्टिननं रेजीला काढलं ते त्या दिवसापुरतं काढलंच. सॉफ्टबॉलमधे सुरुवातीच्या संघातला खेळाडू एकदा परत येऊ शकतो. फक्त बॅटिंगचा नंबर त्याचा तोच राहिला पाहिजे. फिल्डिंगला कुठं उभा करायचा ते मी ठरवणार. मी पुढच्या इनिंगला त्याला परत घेतलं आणि राइट फिल्डला उभं केलं. साहेबांचाही मान राहिला.

तुम्हाला वाटेल तिथं त्याच्याकडं एक बॉल गेला, तो त्याच्या हातून सुटला, त्याला शॉर्टस्टॉपचं दुःख कळलं, वगैरे. तसलं काही झालं नाही. त्याच्याकडं बराच वेळ बॉलच गेला नाही. उन्हात नुसता उभा होता, बुटानं ढेकळं फोडत. नववीतलं पोरगं मार खात होतं, पण टाकत होतं, आणि त्याच्या मागं सगळे जण त्या दिवशी जरा जास्तच पळत होते. आम्ही हरलो. एका रननं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सचिव म्हणाले, "तुम्हाला ट्रॉफी नको होती का सर?" मुख्याध्यापक हजेरीपटात डोकं घालून बसले. त्या पटात तेव्हा बघण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हापासून मला फ्रेडी गोन्झालेस जवळचा वाटतो. २०१० ची गोष्ट, फ्लोरिडा मार्लिन्स. संघाचा हिरा हॅनली रामिरेझ, आदल्या वर्षीचा लीगमधला सर्वोत्तम सरासरीचा बॅट्समन, ७ कोटी डॉलरचा करार. मे महिन्यातल्या एका मॅचमधे एक उंच बॉल त्याच्या जवळ पडला, चुकून त्याच्याच पायानं लाथाडला जाऊन लांब कोपऱ्यात गेला, आणि हा त्याच्यामागं चालावं तसा गेला. समोरच्यांनी दोन रन काढल्या. आधी त्याच्या घोट्याला बॉल लागलेला होता हेही खरं, पण दुखत असेल तर सांगायचं असतं. गोन्झालेसनं त्याला काढलं. दुसऱ्या दिवशी रामिरेझनं सांगितलं, याला काय कळतंय, हा कधी मोठ्या लीगमधे खेळलेलाच नाही.

खरंच खेळला नव्हता. हे वाक्य वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला होता. मीही कॉलेजला व्हॉलीबॉल खेळायचो. सॉफ्टबॉल मी नियमांच्या पुस्तकातून आणि प्रशिक्षण शिबिरांतून शिकलो, आणि पोरांना हे माहीत असतं. बोलत नाहीत इतकंच.

पण मार्लिन्सकडं आंद्रे डॉसन आणि टोनी पेरेझ असे दोन जुने थोर खेळाडू सल्लागार म्हणून होते. त्यांनी रामिरेझला एका खोलीत घेतलं. आत काय बोलणं झालं ते त्यांचं त्यांना. तो बाहेर आला, सोबत्यांची माफी मागितली, खेळायला लागला. जे मॅनेजरच्या तोंडून पचत नाही ते अशा माणसाच्या तोंडून पचतं, ज्याच्या नावापुढं आपलं नाव लहान आहे. आमच्या गावात तसा माणूस म्हणजे पूर्वी राज्य स्पर्धा खेळून आलेला, आता बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलेला आमचा एक जुना कॅचर. मी पिचरला त्याच्याकडं पाठवायला लागलो. कारण काहीतरी काढायचं, मोबाइलची काच बदलून आण, चार्जर बघून ये. तो पोरगा तिथं तासभर बसून यायचा. दुकानात काय बोलायचे ते मी कधी विचारलं नाही.

गोन्झालेसचं पुढं काय झालं? मेमधे त्यानं हॅनलीला बसवलं, जूनमधे मालकांनी गोन्झालेसला घरी बसवलं. संघ निम्म्या मॅच हरत होता, कारण ते दिलं गेलं. त्यात हॅनलीचा भाग किती हे मालकच जाणोत. पण कुठल्याही ड्रेसिंग रूममधल्या पोराला विचारा, तो काय अर्थ काढेल. गोन्झालेसला लगेच अटलांटाचा चांगला संघ मिळाला, आणि दोन वर्षांनी मार्लिन्सनं रामिरेझलाही दुसरीकडं धाडलं.

एवढं सगळं म्हणजे काय, स्टारला दाबलंच पाहिजे का? मुळीच नाही. उलट माझी तक्रार आमच्याकडच्या शिक्षकांबद्दल आहे. आपल्याकडं केस वाढवले, शर्ट बाहेर ठेवला, सरांना वाकून नमस्कार केला नाही, यालाच बेशिस्त म्हणतात. टेरी फ्रँकोना आमच्या शिक्षक खोलीत बसला असता तर वेडा ठरला असता. बॉस्टन रेड सॉक्सचा हा मॅनेजर, आणि त्याच्याकडं दुसरा एक रामिरेझ, मॅनी. मॅच चालू असताना मॅनी एकदा डाव्या बाजूच्या त्या प्रसिद्ध उंच हिरव्या भिंतीच्या आत शिरला. आत स्कोअरबोर्डवाल्यांची खोली आहे. पुढचा बॉल पडायच्या आत कसाबसा परत आला. एकदा त्यानं आपल्याच सोबत्याचा थ्रो मधेच झेप घेऊन पकडला. दर सहा महिन्यांनी मला इथून सोडा म्हणायचा. २००३ ला संघानं त्याला खरंच फुकट घेऊन जा म्हणून यादीत टाकलं, तर त्याचा करार बघून एकाही संघानं हात पुढं केला नाही! पुढच्या वर्षी तोच वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू, आणि बॉस्टननं ८६ वर्षांनी ती सिरीज जिंकली.

फ्रँकोनानं हे सगळं हसून नेलं. कारण मॅनी बॅटिंगच्या सरावाला इतरांच्या आधी हजर असायचा, त्यात कधी खोट नव्हती. वेडेपणा आणि कामचुकारपणा या दोन गोष्टी त्यानं वेगळ्या ठेवल्या. सीमा आली ती २००८ मधे. ह्यूस्टनला मॅनीनं ऐनवेळी ढीगभर तिकिटं मागितली, आणि नाही म्हटल्यावर संघाच्या प्रवासाची व्यवस्था बघणाऱ्या ६४ वर्षांच्या माणसाला ढकलून खाली पाडलं. महिन्याभरात, ३१ जुलैला, तो लॉस एंजेलिसला गेलेला होता. तिथं उरलेल्या ५३ मॅचमधे ३९६ च्या सरासरीनं खेळला. हजारात मोजतात तिथं, आणि ३०० म्हणजे उत्तम. तरी बॉस्टनला त्याला घालवल्याचा पश्चात्ताप झाल्याचं मी वाचलेलं नाही.

अर्थात फ्रँकोनाच्या हसून नेण्यालाही शेवट होताच. २०११ च्या सप्टेंबरात त्याचा संघ ७ जिंकून २० हरला. त्याची नोकरी गेली, आणि मग बाहेर आलं की मॅच चालू असताना काही पिचर आत बसून बियर आणि तळलेलं चिकन हाणत होते.

ओरडणारे सगळे वाईट असतात असंही समजू नका. जिम लेलंड १९९१ मधे सराव शिबिरात बॅरी बाँड्सवर कॅमेऱ्यांसमोर असा काही बरसला की ते चित्रण अजून लोक बघतात. बाँड्स आदल्या वर्षीचा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि त्या दिवशी तो एका कोचशी उद्धट बोलला होता. लेलंडनं ओरडून घेतलं आणि विषय तिथं संपवला. पुढं बाँड्स लेलंडबद्दल कायम चांगलंच बोलला. बॉबी कॉक्सनं १९९८ ला एकवीस वर्षांच्या अँड्रू जोन्सला एका बॉलमागं नीट पळाला नाही म्हणून मार्टिनसारखंच इनिंगच्या मधे बाहेर काढलं. त्या वर्षापासून जोन्सला उत्कृष्ट फिल्डिंगचं गोल्ड ग्लव्ह सलग दहा वर्षं मिळालं. तीच कृती, मार्टिनची आणि कॉक्सची. पण अटलांटात कॉक्सच्या शब्दाला वर कुणी कात्री लावणारा नव्हता, आणि जोन्सला ते ठाऊक होतं.

आमचा पिचर सुधारला का? थोडा. कमरेवर हात ठेवणं गेलं नाही. मुद्दाम सोपा बॉल टाकणं गेलं. मला दुसरं नको होतंच. उशिरा यायचा, त्याचं कारण नंतर कळलं की सोयाबीन काढणीच्या दिवसांत पहाटे मळणी यंत्रावर असायचा. आमच्या स्पर्धा नेमक्या त्याच महिन्यांत येतात, हे वेळापत्रक करणाऱ्यांना कोण सांगणार? त्यामुळं उशिराचा दंड मी माफ केला आणि फक्की मारण्याचं काम सरावानंतर त्याच्याकडं दिलं. दुसऱ्या दिवशीची फक्की आदल्या संध्याकाळी. दव पडलं की निम्मी पुसून जायची, पुन्हा मारावी लागायची. कुरकुर करायचा, पण मारायचा.

मुख्य म्हणजे नववीतल्या त्या पोराला मी रोज पिचिंग दिली. दुसरा पिचर उभा राहिला त्या दिवसापासून पहिल्याचा आवाज आपोआप खाली आला. मला एक शब्द बोलावा लागला नाही. आता पहिला गावाबाहेर शिकायला गेलाय आणि दुसरा अकरावीत आहे. त्याला जिल्ह्यात तोड नाही. आणि हो, गेल्या महिन्यापासून त्यानंही कॅचरला सगळ्यांसमोर बोलायला सुरुवात केलीय.

म्हणून यंदा प्रवेशिका भरायच्या आधीच मी सचिव साहेबांकडं गेलो. हगिन्स गेला होता तसा. चहा झाला, पावसाचं झालं, कापसाच्या भावाचं झालं. मग म्हटलं, "साहेब, एखाद्या मॅचला मी पिचरला बसवलं तर मंडपातून शिपाई येणार नाही, एवढा शब्द द्या."

साहेबांनी बराच विचार केला. म्हणाले, "बसवा की. तुमचा अधिकार आहे. फक्त फायनलला नको."

मी म्हटलं, "फायनललाच बसवावं लागतं साहेब. साखळीत तो सरळ असतो."

शब्द अजून मिळालेला नाही. गुरुवारी पुन्हा बोलावलंय.